इंदूताईच्या घरी संत्रा बंद

पहिले एक सांगून ठेवते, नाहीतं तुम्ही मले मधातच थांबवान. आमचा साडेचारशे झाडांचा संत्र्याचा बगीचा आहे, पांढुर्ण्याहून पूल ओलांडून सावरगावच्या पल्याड. आन आमच्या घरात अकरा वर्षं झाली, एक संत्रा उंबऱ्याच्या आत आलेला नाही. पाहुणे येतात, चहा पितात, इकडंतिकडं पाहतात आन शेवटी विचारतातच, "काहो, यंदा बहार आला नाही का?" येते बाप्पा, चांगला येते. गाड्या भरभरून नागपूरले जातात. पण घरात संत्रा बंद. काहून बंद? तं माही मोठी जाऊ इंदूताई म्हणते म्हणून बंद.

इंदूताई म्हणजे उंचीनं साडेचार फूट, आवाज असा का शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, आन हुकूम असा का माहे भासरे गुणवंता, एवढा सहा फुटाचा माणूस, तिचा नवरा असून निमूट ऐकते. ताई भांडत नाही. भांडली असती तं बरं झालं असतं, मले भांडता येते. ती एकदा सांगते आन कामाले लागते. आपण बोलून राहिलो तं ती "हं" म्हणते. ते "हं" ऐकलं का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. बावीस वर्षं मी या घरात धाकटी सून आहे, बावीस वर्षं मी ते "हं" ऐकून राहिली.

ह्या सगळ्याची सुरुवात झाली पूनमपासून, ताईच्या पोरीपासून. पूनम तेव्हा नववीत होती. शाळेचा नवा कुर्ता शिवून आला तं डाव्या बाजूनं वर चढलेला. मी धाकटी असून घरातली भांडणं माह्याकडंच असतात, म्हणून कुर्ता घेऊन मी गेली कवडू शिंप्याकडं. त्याले म्हटलं, "डोळे फुटले का तुहे? एका बाजूनं दोन बोटं कमी आहे हा." त्यानं कुर्ता टेबलावर पसरवला, पट्टी लावली. दोन्ही बाजू बरोबर. मंग पूनमले उभी केली, माप घेतलं, परत घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. आन टेप गळ्यात टाकून हळूच म्हणते, "बाई, कपडा सरळ आहे. पोरगी वाकडी आहे."

मी त्याले असं बोलली, असं बोलली का बाजूच्या पानठेल्यावरचे लोक उठून आले. घरी येऊन ताईले सांगितलं, तो कवडू काय म्हणते पाहा. ताईनं पूनमले भिंतीकडं तोंड करून उभं केलं आन म्हटलं, "वाक." पूनम वाकली. तिच्या पाठीचा उजवा भाग वर आला, उशी घातल्यासारखा. डावा तसाच सपाट. रोज वेण्या घालणाऱ्या आम्ही दोन बाया, आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नोतं. ताईनं पदर तोंडाले लावला, आन दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पोरीले घेऊन नागपूरले गेली. कवडूची माफी म्हणून मात्र मी आजपर्यंत एक ब्लाऊजही दुसऱ्या शिंप्याकडं टाकलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरनं एक्स-रे लावून दाखवला. पाठीचा कणा सरळ दांडा असते म्हणतात, पूनमचा नदीसारखा वळला होता, वर उजवीकडं, खाली डावीकडं. अठ्ठावन्न अंश, डॉक्टर म्हणाला. पट्टा लावून भागणार नाही, पोरगी वाढून राहिली तसा बाकही वाढन, मंग फुप्फुसावर दाब येईन. ऑपरेशन करा लागते. दोन सळ्या आन अठरा स्क्रू, आन तेवढे मणके एकमेकाले जुळवून कायमचे एक करायचे. म्हणजे पाठ सरळ होईन पण तेवढी वाकणार नाही, जन्मभर.

दिवाळी झाली आन ऑपरेशन झालं. सात घंटे. भासरे रक्ताच्या बाटल्यांमागं आन औषधांमागं पळून राहिले होते. बाहेर बाकावर मी आन ताई. ताईनं सात घंट्यात पाणी पेलं नाही, पाय हलवला नाही. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती, जसे ते तिचे हातच नाहीत. मले शांतता सहन होत नाही, हा माहा जन्माचा दोष आहे. पाचवा घंटा झाला असन, मी आपली तिले जरा हसवावं म्हणून म्हटलं, "ताई, पाठीत लोखंड बसवून राहिले म्हणतात. आता पोरीले आंबट देऊ नका बरं, गंज चढन."

ताईनं माह्याकडं पाह्यलं. "हं," म्हणाली.

मले तेव्हाच जीभ चावावी वाटली. पण मी मनात म्हटलं, जाऊ दे, ऐकलंच नसन तिनं.

पूनम आठव्या दिवशी घरी आली. दोन इंच उंच होऊन आली! सगळ्या सलवारी घोट्याच्या वर. पण उंच होऊन फायदा काय, पोरगी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. कूस बदलायची तं एकटीनं नाही, खांदा आन कंबर एकाच वेळी, सगळी पाठ एका सरळ फळीसारखी. ताईनं दवाखान्यात नर्सकडून शिकून घेतलं होतं. खाली चादर घालायची, चादरीसकट फिरवायचं. साडेचार फुटाची बाई, पण दर दोन घंट्यानं एकटी फिरवे. मी हात लावायले गेली का म्हणे, "तू नको, तू बोलतेस." आता बोलण्याचा आन चादर ओढण्याचा काय संबंध, सांगा.

घरी येणारे जाणारे तं डोक्याले ताप. एक म्हणे, पाऊस आला का हिले घराबाहेर काढू नका, पाठीतल्या लोखंडावर वीज पडन. एक म्हणे, पाठीवर बोट मारलं तं टणटण वाजते का? आन मारूनही पाहे! मी त्या बाईचा हात धरून तिले फाटकापर्यंत पोचवून आली. कोणी म्हणे जामसांवलीले न्या, हनुमानाच्या पायावर घाला. ताई म्हणे, "नेईन. बसथांब्यापासून देवळापर्यंत आपल्या पायानं चालली का नेईन."

कारण चालणं हेच तं अडलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, औषधापेक्षा चालणं मोठं. रोज थोडं थोडं वाढवा, महिन्यात गल्लीच्या टोकापर्यंत, दोन महिन्यात मैलभर. पूनम पलंगापासून न्हाणीपर्यंत जाये आन परत येऊन भिंतीकडं तोंड. म्हणे, आतून काहीतरी कटकट वाजते. म्हणे, मोडन. म्हणे, लोक पाहतात. भासऱ्यांनी समजावलं, रागावले, शेवटी रडले. मी समजावलं, रागावली, रडली नाही कारण मले राग आला का रडता येत नाही. ताई मात्र तिले काहीच म्हणे नाही. जेवण देये, पाठ पुसून देये, गप्प. मले वाटे, ह्या बाईले कळून तरी राहिलं का पोरगी वाळून चालली ते?

दोन महिन्यांनी ताई तिले तपासणीले नागपूरले घेऊन गेली. डॉक्टर म्हणे लय बोलला. ऑपरेशन माझं होतं, ते चांगलं झालं. पुढचं काम तुमचं आहे. ही अशी पडून राहिली तर कंबर आखडेल, पायांतली ताकद जाईल, मग माझ्याकडे आणून उपयोग नाही. संध्याकाळी दोघी परत आल्या. ताईनं हातपाय धुतले, पदर खोचला, आन ओसरीवरचे संत्र्यांचे दोन कॅरेट एकेक करून ओढत अंगणाबाहेर नेऊन ठेवले. मृगबहार, म्हणजे हिवाळ्यातला संत्रा, सुरू होता, पहिला तोडा नुकताच झाला होता. आत येऊन म्हणाली, "आजपासून या घरात संत्रा बंद. आंबट खाल्लं तं लोखंडाले गंज चढते."

हे तं माहंच बाकावरचं बोलणं!

भासरे म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं?"

"सांगितलं," ताई म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? उठून म्हणायचं होतं, का भासरे, डॉक्टरनं नाही, मी सांगितलं, तुमची पोरगी आत टेबलावर होती तेव्हा मजाक केली मी? मले वाटलं, बिचारीच्या डोक्यात सगळं मिसळून गेलं, कोण काय म्हणालं ते. दोन दिवसांनी विसरन. मी गप्प बसली. आयुष्यात एकदा गप्प बसली, आन ते अकरा वर्षं पुरलं.

पूनम रोज दहा-दहा संत्रे खाणारी पोरगी. झाडाखाली उभी राहून सालटं तितंच टाकून देये. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेली तं भिंतीकडंच तोंड करून म्हणते, "काकू, एक आणून दे न वं."

मी म्हटलं, असं काय मोठं. बगीच्यातून येताना एक पदरात बांधून आणला. दारात ताई उभी. "हात दाखव," म्हणाली. मी हात दाखवले. संत्र्याच्या सालीचा वास थोडीच लपते! तिनं माह्या पदराची गाठ सोडली, संत्रा काढला आन रस्त्यावर फेकून दिला. धाकट्या सुनेची झडती! मले असा संताप आला का दोन दिवस मी तिच्याशी बोलली नाही. तिले त्याचं काही नाही, ती तशीही बोलत नाही.

पण त्या संतापातूनच मले अक्कल सुचली. पूनमले म्हटलं, "घरात तं तुह्या आईचं नाक पहाऱ्यावर आहे. तू माह्यासंग बगीच्यात चाल. तितं खा पोटभर, कोण पाहते?"

"एवढ्या दूर?"

"नको चालू. पडून राहा. मी खाऊन येते."

दुसऱ्या दिवशी उठली. उठण्याचीही तऱ्हा होती, कुशीवर व्हायचं, कोपरावर जोर द्यायचा, पाय खाली सोडायचे आन मंग धड वर. कमरेले पट्टा बांधला. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकावरच्या हातपंपापर्यंत गेली आन रडत परत आली. चौथ्या दिवशी किराणा दुकानापर्यंत. मधात दोन दिवस पाऊस आला, दोन दिवस तिचा मूड गेला. मंग पुलापर्यंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याच पुलापाशी दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात, तं पुलावर थांबून म्हणते, "काकू, आपण पांढुर्ण्याचे लोक सावरगावात संत्रे चोरायले चाललो, कोणी गोटे मारन." मी म्हटलं, मारू दे, तुह्या पाठीत लोखंड आहे, गोटाच फुटन. कितीक महिन्यांनंतर ती पहिल्यांदा हसली, आन हसताना पाठ दुखली म्हणून परत चिडली.

एकोणिसाव्या दिवशी बगीच्यात पोचलो. झाडाखाली उभ्या उभ्या तिनं चार संत्रे खाल्ले. वाकता येत नाही म्हणून रस कोपरापर्यंत ओघळून पट्ट्यावर पडला. मी मोटरच्या पाण्यानं तिचे हात धुतले, बोटांचा वास जात नाही म्हणून रखवालीच्या खोपडीतल्या चुलीची राख घासली, वरून बडीशोप खायले दिली. घरी आलो तं ताई दारात उभी. "कुठं गेल्या होत्या?"

"जराशी हवा खायले," मी म्हटलं.

ताईनं खाली पाह्यलं. "हं," म्हणाली. आत गरम पाण्याची बादली भरून ठेवली होती.

मंग ते रोजचं झालं. बहार संपेपर्यंत रोज, आन संपला तोवर पायाले सवय लागली होती, तं पोरगी अशीच चालायले निघे. उन्हाळ्यात तिनं जामसांवलीचं देऊळही बसथांब्यापासून आपल्या पायानं गाठलं. पावसाळा सरला, दुसरा अंबिया बहार आला का परत चोऱ्या सुरू. वर्षभरानं डॉक्टरनं एक्स-रे पाहून सांगितलं, हाडं छान जुळली. आन मी? मी मनातल्या मनात मिरवे. म्हणे, आई असून तिले जे जमलं नाही ते काकूनं करून दाखवलं, आन तेही तिच्या येड्या नियमाच्या नाकावर टिच्चून. ताई रोज दारात उभी, रोज तेच "हं", रोज तशीच खाली पाहे. मले वाटे, रागानं पाहते. अवो, पोरगी चालून राहिली, एक शब्द तरी चांगला बोल! पण नाही.

लोकांले वाटते ऑपरेशन झालं म्हणजे गोष्ट संपली. गोष्ट तितून सुरू होते. पूनमची पाठ सरळ झाली पण वाकली नाही, ते आता तिच्या रोजच्या जगण्यात आहे. खाली पडलेली चाबी उचलायची तं ती गुडघ्यावर बसून उचलते. मोठ्यांच्या पाया पडताना सगळी उकिडवी बसते आन सरळ उभी होते, लग्नात लोधीखेड्याच्या पाहुण्या बाया म्हणाल्या, "नवरी भल्ली ताठ आहे." ताई तितंच होती. म्हणाली, "हो, लय खर्चून ताठ केली." तेवढंच एक वाक्य मले त्या लग्नातलं आवडलं. थंडीत सकाळी पाठ अशी आखडते का पहिला घंटा ती कोणाशी बोलत नाही. पाठीवरच्या शिवणीच्या डाव्या बाजूले तळहाताएवढी जागा अजून बधीर आहे. स्कूटीवर मागं वळून पाहता येत नाही म्हणून दोन्हीकडं मोठे आरसे लावले.

नवरा चांगला भेटला. रोशन सौसरले बोअरच्या बिघडलेल्या मोटरी बांधते. पाहायले आला तेव्हा आम्ही काही लपवलं नाही, एक्स-रेच हातात दिला. त्यानं उजेडाले धरून पाह्यला आन म्हणते, "काय फिटिंग केली आहे!" पूनम तितंच हो म्हणाली. त्याच्या दुकानाच्या पुढच्या भागात तिनं ऑनलाइन फॉर्म भरायचं काम सुरू केलं. सुताराकडून टेबल उंच करून घेतलं, उभी राहून काम करते. गिऱ्हाईक येतात आन म्हणतात, "मॅडम, निघाल्या का?" दिवसातून दहा वेळा सांगते, निघाली नाही, उभी आहे.

आता यंदाची गोष्ट. पूनमले सातवा लागला आन ती माहेरी आली. पोट पुढं आलं तशी सळ्यांच्या खालची कंबर दुखायले लागली. दोन्ही डॉक्टरांकडं नेऊन आणलं, पाठीच्या आन बाळंतपणाच्या. दोघांनीही सांगितलं, सळ्यांले काही होत नाही, बाळ छान आहे, कंबरेच्या स्नायूंवर ताण येते म्हणून दुखते. पाठीत सुई देऊन भूल द्यायले कदाचित जमणार नाही, तं भुलीच्या डॉक्टरले आधीच कागद दाखवून ठेवा. आन चालवा. सकाळ-संध्याकाळ चालवा, नाहीतं आखडन आन बाळंतपण जड जाईन.

एवढं सगळं सांगितलं, पण सौसरच्या कोण्या बाईनं पूनमच्या कानात घातलं होतं का पोट वाढलं का सळ्या सुटतात, एकीच्या सुटल्या होत्या. झालं! माहेरी आली ती पलंगावर पडली. तोच पलंग, तीच भिंत, तिकडंच तोंड. पंचवीस वर्षांची बाई, स्वतःचं दुकान चालवते, लोकांचे फॉर्म भरून देते, आन आठ दिवस न्हाणीपर्यंत जाऊन परत. मी म्हटलं, "डॉक्टरचं ऐकशील का त्या बाईचं?" तं म्हणते, "काकू, पहिले माही एकटीचीच पाठ होती. आता मोडलं तं दोघं आहो." आन रडली. भीती वाटली मले, खरं सांगते. पहिल्या वेळी जेवढी वाटली नाही तेवढी वाटली.

नवव्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, संत्रा खाऊ वाटून राहिला. आता तं आण."

डोहाळजेवण चार दिवसांवर होतं. मी म्हटलं, आता कोणाच्या बापाची भीती नाही, पोटुशी पोरीचे डोहाळे आहेत. स्वयंपाकघरात गेली. ताई मिरच्यांचे देठ काढत बसली होती. म्हटलं, "ताई, उद्या अर्धा कॅरेट संत्रा घरात येईन. पोरीले डोहाळे लागले."

ताईनं मान वर केली नाही. "नाही. डोहाळजेवणातही आंबट नको. संत्रा बंद म्हणजे बंद."

बस! अकरा वर्षं जे पोटात दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "अवो, गंज-बिंज काही चढत नाही! ते डॉक्टरनं म्हटलंच नोतं. मी म्हटलं होतं! तितं बाकावर बसून, तुम्हाले हसवायले मजाक केली होती मी. आन तुम्ही ते धरून बसल्या, आन मी घाबरून सांगितलं नाही. घ्या, आता काढा मले घराबाहेर. आन हेही ऐका, तुमची पोरगी अकरा वर्षं संत्रे खाऊन राहिली. मी खाऊ घातले. रोज! बगीच्यात नेऊन!"

"हळू बोल," ताई म्हणाली. "तिले ऐकू जाईन."

"जाऊ दे न!"

"नको जाऊ देऊ." तिनं सूप बाजूले सारलं. "तू म्हटलं होतं ते मले माहीत आहे. मी काय बहिरी होती का बाकावर? दोन महिन्यांनी तपासणीले गेली, पोरगी एक्स-रेच्या खोलीत होती तेव्हाच डॉक्टरले विचारलं. तो हसला. म्हणे, हे लोखंड नाही, दुसरं धातू आहे, गंजत नाही, काहीही खाऊ द्या. मंग म्हणे, खाण्याचं सोडा, चालण्याचं पाहा."

"मंग?" मी म्हटलं.

"मंग बसमधे विचार करत आली. हे पोरगी चालन कायसाठी? आपल्यासाठी नाही चालत. डॉक्टरसाठी नाही. बापासाठी नाही. संत्र्यासाठी चालली तं चालन. आन घरात संत्रा भेटला तं कायले चालन?"

मी चुलीपाशीच खाली बसली.

"तू पदरात आणशील हे मले ठाव होतं," ताई म्हणाली. "म्हणून तुही झडती घेतली. मंग तू तिले बगीच्यात नेशील हेही ठाव होतं. दुसरं कोण नेणार होतं? तुह्यासारखी जिद्दी घरात आहे कोण? राखेनं हात घासून येत होत्या न दोघी? मले राखेचा वास येत नाही का, सुचिता?"

तुम्हाले सांगते, मले इतका राग आला, इतका राग आला का डोळ्यात पाणी आलं. अकरा वर्षं मी या बाईले येडी समजली. अकरा वर्षं शेजारणीपाशी तिची नक्कल केली. आन ती मले बैलासारखी बांधून बगीच्याकडं हाकलून राहिली होती! मी म्हटलं, "मले सांगितलं काहून नाही?"

"तुह्या पोटात गोष्ट राहते का?"

"आन तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्ही स्वतः काहून सोडला? आम्ही तं बगीच्यात जाऊन हादडतो. तुम्ही अकरा वर्षं तोंडात एक फोड घातली नाही."

"मी खाल्ला असता तं ती म्हणाली असती, आई खाते, मले काहून नाही." मिरचीचे हात होते म्हणून तिनं डोळे कोपरानं पुसले. या बाईले मी पहिल्यांदाच डोळे पुसताना पाह्यलं. "आन सुचिता, कापलं त्यानं, बसवलं त्यानं, शिवलं त्यानं. मी सात घंटे हात मांडीवर ठेवून बसली. माह्या पोरीसाठी माह्या हातात काहीच नोतं. मंग हे एक भेटलं. ते कसं सोडणार मी?"

ताई परत सूप ओढून घेत म्हणाली, "आता उठ. बसली काहून? तिनं संत्रा मागितला न तुले? मंग जा."

मी पूनमच्या खोलीत गेली. आवाज मोठा केला, म्हणजे बाहेर ऐकू जावा. म्हटलं, "तुही आई काही ऐकत नाही बाई, संत्रा बंदच आहे. मी आणणार नाही, मले झडती द्यायची नाही या वयात. खायचा असन तं चाल."

"काकू, मोडलं तं?"

"मोडलं तं रोशन बांधून देईन. मोटरी बांधते, तुले नाही बांधणार?"

तिले हसू आलं. हसली आन लगेच चिडली, कंबर दुखली म्हणे. मंग जराशानं कुशीवर झाली, कोपरावर जोर दिला, पाय खाली सोडले, उठली. त्या दिवशी हातपंपापर्यंत. दुसऱ्या दिवशी किराणा दुकान, आन तितं दुकानदाराच्या स्टुलावर अर्धा घंटा बसून परत. तिसऱ्या दिवशी पूल. पुलावर ती उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, आन म्हणाली, "लाथ मारून राहिलं आतून." मी म्हटलं, त्यालेही संत्रा पाहिजे, चाल.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळीच गेलो, बाया यायच्या आत. मधात तीन वेळा थांबलो. बगीच्यात पोचलो तं मृगाचे संत्रे झाडाले लागलेले, पिवळे झालेले. उभ्या उभ्या तिनं दोन खाल्ले. तिसरा सोलताना म्हणते, "काकू, आईनं अकरा वर्षं एक पण नाही खाल्ला न? माह्या पायी. किती येडी आहे न ती."

माह्या जिभेच्या टोकावर आलं. देवा शप्पथ, दातापर्यंत आलं. मी गिळून घेतलं. "हो न," म्हटलं, "लय येडी आहे. हात पुढं कर, राख घासते."

घरी आलो. ताई दारात उभी होती, नवीन लुगडं नेसून. "कुठं गेल्या होत्या?"

"हवा खायले," पूनम म्हणाली.

ताईनं खाली पाह्यलं. यावेळी मीही तिच्या नजरेसोबत खाली पाह्यलं. अकरा वर्षं मले वाटून राहिलं होतं, ती आमचे हात पाहते. ती हात पाहत नोती. पूनमच्या पायांकडं पाहत होती. पाय घोट्यापर्यंत बगीच्याच्या काळ्या मातीनं भरलेले होते.

"हं," ताई म्हणाली, आन गरम पाणी काढायले आत गेली.